मीटरची टिकली

एप्रिलचं बिल आलं तेव्हा
उर्राकाचा मोसम भरात होता.
लिंबूसोड्याच्या पेट्या दुपारपर्यंत रिकाम्या,
गल्ला तुडुंब,
आणि वीज खात्याचा तो पातळ कागद
त्यातलं अर्धं उचलून घेऊन गेला.

कुडचड्याच्या बाजारातलं हे कोल्ड्रिंक हाउस
सासऱ्यांनी थाटलं, मी चालवते.
दोन डीप फ्रीझर, काचेचा एक फ्रीज,
सोड्याचं मशीन, मिक्सर, तीन पंखे.
थंडी विकायची म्हणजे
आधी ती विकत घ्यावी लागते,
हे मला गल्ल्यावर बसल्यावर कळलं.

लाइनमन रुझार म्हणाला, वयनी, दहाची नोट द्या.
मला वाटलं, चहाला.
त्यानं ती फ्रीझरच्या काठावर ठेवली,
वरून झाकण लावलं,
दोन बोटांनी ओढली.
सुळ्ळकन बाहेर!
"पळयलं? अशीच जाते. रात्रंदिवस."
नोट परत दिली त्यानं.
चहा मात्र घेतला.

मडगावहून नवं रबर आणलं.
फ्रीज भिंतीपासून हातभर पुढे ओढला, त्याला श्वास घेऊ दिला.
मागे सापडल्या
गोटीसोड्याच्या तीन हिरव्या गोट्या,
झुरळांचं एक अख्खं खानदान
आणि सासऱ्यांच्या अक्षरातली उधारीची चिठ्ठी,
नाव पुसलेलं, रक्कम शाबूत.
फ्रीजच्या कपाळावरची कंपनीची ट्यूब काढली
तर कंपनीचा पोरगा कुरकुरला,
"वहिनी, दुकान बंद वाटतं."
वाटू दे रे.
बिल आलं की कळतं उघडं आहे ते.

मग सोमवारी रात्री, बर्फ खरवडायला,
सगळंच बंद केलं.
मेन स्विच तेवढा चालू ठेवला,
कशाला, आठवत नाही.
अंधारात लाकडी डवल्यानं बर्फ तासत बसले
गेल्या चवथीच्या थरापर्यंत,
आणि मान वर केली तर
मीटरची लाल टिकली
लुकलुकली.

एकोणीस मोजले. पुन्हा लुकलुकली.
दुकानात काही म्हणजे काही चालू नव्हतं.

टॉर्च घेऊन वायरीच्या मागे लागले.
माळ्यावर चढली ती, पेट्यांच्या मागून,
भिंतीतल्या भोकातून पलीकडे.
पलीकडे कायतान.
अर्धं शटर, डोळ्याला भिंग,
चिमट्यात कुणाच्या तरी मनगटाचं चाक,
डोक्यावर साठ वॅटचा पिवळा बल्ब.
माझा.

"कधीपासून?" मी विचारलं.
भिंग न काढता म्हणाला,
"गोविंदबाब असल्यापासून.
त्याचं घड्याळ मी बघायचो,
माझा दिवा तो."
कुठं लिहिलेलं नाही.
सासूबाईंना ठाऊक नाही.
सासऱ्यांचं घड्याळ तर त्यांच्यासोबतच थांबलं.

घरी येऊन हिशेब मांडला.
महिन्याला अठरा युनिट, गुणिले बारा, गुणिले बावीस वर्षं.
थोर मनाची असते तर मध्येच थांबले असते.
शेवटपर्यंत केला.
आकडा आहे अजून वहीत,
बर्फीच्या ऑर्डरीखाली.

वायर कापायला रुझार तयार होता.
मी नऊ वॅटचा दिवा घेऊन गेले,
कायतानच्याच स्टुलावर चढून लावला.
दुसऱ्या दिवशी तो दिवा हातात घेऊन दारात हजर:
"बाय, ह्या उजेडात घड्याळं मेल्यासारखी दिसतात."
बदलून पिवळ्या उजेडाचा आणला,
वीस रुपये जास्त.
आभार मानले नाहीत त्यानं.
भिंतीवरचं आमचं घड्याळ, सात मिनिटं पुढे पळणारं,
न विचारता काढून नेलं.

जूनचं बिल उतरलं.
फार नाही; दोन पेट्या सोड्याइतकं.

आता महिन्यातून एकदा, खरवडायच्या रात्री,
सगळं बंद करून मीटरखाली उभी राहते.
टिकलीला आता दोन मिनिटं लागतात.
हातात कुलूप, पायाशी वितळणारं पाणी,
आणि भिंतीपलीकडे तो खोकतोय.
दिसली की निघते.